तेंचो वाटो

आईचा फोन आला तेव्हा मी ठाण्याला लोकलमध्ये लटकत होतो. "कौल झालो," एवढंच म्हणाली, आणि जरा थांबून, "आजयेक उचलूक माणूस नाय."

आचऱ्याच्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. सिंधुदुर्गात मालवण तालुक्यात, खाडी आणि समुद्र यांच्या कुशीत आमचं आचरा. साधारण तीन-चार वर्षांनी ग्रामदैवत रामेश्वराला कौल लावतात, आणि देवाने होकार दिला की तीन दिवस, तीन रात्री सगळं गाव वेशीबाहेर जाऊन राहतं. माणसं जातात, गुरं जातात, कोंबड्या, कुत्री, मांजरं, पिंजऱ्यातले पोपटसुद्धा जातात. मागे चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. हीच गावपळण. आसपास चिंदर, वायंगणी, मुणगे इथेही ती होते, आणि वैभववाडी तालुक्यातल्या शिराळ्यात तर दरवर्षी.

कशासाठी, तर भुतांसाठी. त्या तीन रात्री गाव त्यांचं.

मुंबईत ऑफिसात रजेच्या अर्जावर मी 'कौटुंबिक कारण' लिहिलं. खरं कारण लिहिलं असतं तर साहेबांनी रजा दिली असती, पण जन्मभर चिडवलं असतं. आणि कौटुंबिक कारण हे काही खोटंही नव्हतं. आमचं घर जांभ्याचं, पणजोबांनी बांधलेलं. बाबा गेल्यावर त्याचे दोन भाग झाले. माजघरातून एक चिऱ्याची भिंत उभी राहिली, पलीकडे काका-काकी आणि चुलतभाऊ, अलीकडे आई आणि आजी. विहिरीकडे जायची वाट काकांच्या हिश्शात गेली आणि त्यांनी तिथे गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, काटेरी कवाड लावलं. तेव्हापासून नऊ वर्षं बोलणं नाही. आजी दोन्हीकडची आई, पण तिची खाट आमच्या बाजूला आली. जमिनीचा वाद वेगळाच. आमच्या सातबाऱ्यावर 27 नावं आहेत आणि त्यातली 11 माणसं केव्हाच वारलीत. वारसनोंदी कोणी केल्याच नाहीत. मेलेल्यांना जिवंत माणसांच्या जमिनीत वाटा असतो, हे आम्हाला तलाठ्याने शिकवलं, कुठल्या भगताने नाही.

कोकणकन्येने सकाळी कणकवलीला उतरलो. घरी पोचलो तो आई भांड्यांची मोट बांधत होती. गावपळणीला काय न्यायचं याची यादी घराघरात पाठ असते: टोप, तपेली, उकडे तांदूळ, कुळथाचं पीठ, सुकट, मीठ-मिरची, कोयता, कंदील, गोधड्या, ताडपत्री. हल्ली त्यात पॉवरबँक आणि डास मारायची रॅकेट. अवघड असते ती जनावरं. गाय दाव्याने येते, कुत्रा नाइलाजाने येतो, पण मांजराला पिशवीत घालणं हे तीन माणसांचं काम आहे आणि त्यातल्या एकाला तरी रक्त येतंच. आमची कोंबडी डालग्याखाली गेली नाही ती नाहीच. शेवटी पकडली तर ती काकांची निघाली. आमची डालग्यात आधीपासून बसलेली होती. मी ती कवाडावरून पलीकडे सोडली. काकीने पाहिलं, काही बोलली नाही.

आजी 88 वर्षांची. डोकं तल्लख, पाय गेलेले. तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून गोणपाटाच्या पट्ट्याने बांधायचं आणि दोघांनी खुर्ची उचलून रस्त्यापर्यंत न्यायची, तिथून टेम्पो, असा बेत. दुसरा माणूस म्हणून मी वाडीतल्या एका पोराला सांगून ठेवलं होतं. तो आला नाही. देवळाकडून नौबत ऐकू आली आणि मी एकटाच खुर्चीपाशी उभा. तेवढ्यात चुलतभाऊ कवाड उघडून आला, खुर्चीची पलीकडची बाजू धरली आणि "एक, दोन" म्हणाला. नऊ वर्षांनी आमच्यात बोलले गेलेले हे पहिले शब्द. तीनपर्यंत मोजलंही नाही, त्याच्या आधीच आम्ही उचललं होतं.

कुलपं लावताना एक गंमत झाली. घराला दरवाजे दोन, कुलपं दोन. आजी खुर्चीतून ओरडली, "पयली सगळी नळां बघा. चूल विझवलास? देवाचो दिवो?" देवापुढचा दिवा शांत करताना आईचा हात थरथरला. एरवी तो दिवा कधी विझू देत नाहीत. मग आजीने घराकडे बघून हात जोडले आणि पुटपुटली. काय म्हणालीस विचारलं, तर म्हणे, "सांभाळून ऱ्हवा म्हटलंय. कौलां जुनी आसत."

वाटेत सगळा गाव रांगेने निघालेला. डोक्यावर बोचकी, काखेत पोरं, टेम्पोत फ्रिज नेणारेही एकदोन महाभाग. आमच्या पुढे वाडीतलं मुसलमान कुटुंब होतं, शेळ्या हाकत. गावपळण सगळ्यांची असते, त्यात धर्म विचारत नाहीत. ती शेळ्या हाकणारी चाची आजीला म्हणाली, "औंदा तुमी खुर्चीतसून, फुडल्या खेपेक मी." दोघी हसल्या. फुडली खेप म्हणजे आणखी चार वर्षं. कोणी तसं बोलून दाखवलं नाही.

आता राहुटीचं. आमच्या वाडीची माणसं चिंदरच्या बाजूला सड्यावर, म्हणजे उंचावरच्या कातळी माळावर, उतरतात. कोणी पाटी लावलेली नसते, पण कुठल्या घराने कुठल्या झाडाखाली चूल मांडायची हे ठरलेलं असतं. आमच्या घराची जागा म्हणजे एक जुना काजू आणि त्याच्या पुढचा कातळ. 'आमच्या घराची' म्हणजे पणजोबांच्या घराची. रानात आमची वाटणी झालेलीच नव्हती. मागच्या गावपळणीला मी नव्हतो. तेव्हा दोन खोपी पाठीला पाठ लावून बांधल्या होत्या म्हणे. या वेळी चुलतभावाने दोन दिवस आधी येऊन मेढी पुरल्या होत्या, वर बांबू, त्यावर माडाची चुडतं. त्याने एकच लांब खोप बांधली होती. मी विचारलं का, तर म्हणाला, "चुडतां कमी पडली." आजूबाजूला चुडतांचा ढीग पडला होता. मधे आईने आपलं जुनं पातळ टांगलं. तेवढ्या पातळाने भिंतीचं काम केलं असं म्हणायला हरकत नाही, फक्त त्यातून एकमेकांच्या घोरण्याचे आवाज येत.

पहिली रात्र मी जागाच होतो. मार्गशीर्षातली थंडी, चांदणं पौर्णिमेच्या आसपासचं, खाली सगळं गाव काळ्या माडांच्या गर्दीत बुडालेलं. एवढी घरं आणि एकाही घरात उजेड नाही, हे दृश्य डोळ्यांना पटत नाही. एक रस्त्यावरचा दिवा मात्र आपोआप पेटणाऱ्यातला होता, तो पेटला. काकी पलीकडून पुटपुटली, "तेंका डोळ्यार येतलो तो." मला हसू आलं. पण नंतर लक्षात आलं, सड्यावरचे सगळेच भुतांबद्दल याच सुरात बोलत होते. भीती होती, नाही असं नाही, लहान पोरं आईला चिकटून होती. पण मोठ्यांच्या बोलण्यात भीतीपेक्षा घरी पाहुणे उतरवून आल्याची काळजी जास्त. विहिरीवर दोरी ठेवली का, ओटी सारवली होती ना.

शेकोटीभोवती दुसऱ्या रात्री भजन झालं, बायकांच्या फुगड्या झाल्या, आणि मग गोष्ट निघालीच. ती दरवेळी निघते. वाडीतले एक म्हातारे, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, त्यांनी सांगितली. पूर्वी गावात भुतांचा फार उपद्रव होता. रात्री कोणी बाहेर पडू शकेना. गाव देवाकडे गेलं. देवाने भुतांना बोलावलं आणि हाकलून न देता त्यांच्याशी बोलणी केली. तुम्ही आधीचे, ही माणसं नंतरची, तुमचाही हक्क आहे, तर ठरावीक वर्षांनी तीन दिवस गाव तुमचं, बाकीचे दिवस त्यांचं. भुतांनी मान्य केलं. तेव्हापासून गाव शब्द पाळतं, भुतंही पाळतात.

एवढीच गोष्ट. लहानपणी मला ती फिकी वाटायची. कोणी मरत नाही, किंचाळत नाही. या वेळी पातळाच्या अलीकडे बसून ऐकली आणि कान टवकारले. आमचा रामेश्वर हा साधा ग्रामदेव नाही, तो इनामदार आहे. देवस्थानाचं नावच 'इनामदार श्री देव रामेश्वर संस्थान'. म्हणजे गावाचा मालक देव, आणि त्याच्यासमोर तंटा आला तो जमिनीचा, आधीचे वहिवाटदार विरुद्ध नंतरचे. देवाने केलं ते वाटणीपत्र.

आमच्याकडची भुतं बघितली तरी हेच दिसतं. समंध कोण? ज्याचं क्रियाकर्म करायला वारस उरला नाही असा ब्राह्मण. मुंजा कोण? मुंज झाली पण संसाराचा वाटा मिळण्याआधीच गेला तो पोरगा. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते, जिचं घर तिला पुरं मिळालंच नाही. देवचाराला तर आम्ही भूतही म्हणत नाही, तो हद्दीचा राखणदार, त्याला वर्षाचा मान द्यावा लागतो आणि चुकला की तो आठवण करून देतो. यादी नीट पाहिली तर निम्मी भुतं वारसाहक्काच्या भानगडीतली आहेत. चकवा आणि गिऱ्हा तेवढे निव्वळ खोडसाळ.

शिकलेल्या माणसांचं दुसरं स्पष्टीकरण असतं, तेही शेकोटीवर निघालं. एका मास्तरांनी सांगितलं, ही प्लेगच्या काळातली युक्ती, गाव मोकळं करून हवा शुद्ध करायची. प्लेगमध्ये लोक गावं सोडून रानात झोपड्या बांधून राहत, हे खरंच आहे. 1896 साली मुंबईत प्लेग आला आणि मग राज्यभर तसं झालं. पण आमच्याकडे गावपळण त्याहून जुनी सांगतात. आणि साथ काही देवाचा कौल घेऊन तीन-चार वर्षांनी येत नाही, तीन दिवसांत आटोपतही नाही. मला हे स्पष्टीकरण नेहमी जरा लाजल्यासारखं वाटतं. आपल्या आजीचं बोलणं पाहुण्यांना कळावं म्हणून सुधारून सांगितल्यासारखं. तात्या मास्तरांना म्हणाले, "व्हय, हवा शुद्ध होता. आनी भुतांची सोय पन होता." वाद मिटला.

मग गोळ्यांचं झालं.

तिसऱ्या दिवशी दुपारी आईने डबा उपसला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची नवी पट्टी खिडकीच्या दगडीवर राहिली होती. जवळ होती ती पट्टी सकाळीच संपलेली. संध्याकाळची गोळी नाही. घर सड्यावरून दिसत नव्हतं, पण आमच्या आवाठातला, घराभोवतीच्या आवारातला, उंच माड दिसत होता. चालत वीस मिनिटं. मी म्हटलं, जातो आणि आणतो, कुणाला कळणारही नाही.

मी मुद्दाम सांगतो, मी भुतं मानत नाही. कॉलेजात असताना अंधश्रद्धेवरच्या वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस घेतलंय. निघालोही. पायवाटेने खाली वेशीपर्यंत आलो. तिथे काहीच नाही, एक दगड, त्याला कधीकाळचा शेंदूर, आणि पलीकडे तोच रस्ता ज्यावरून मी हजारदा सायकल चालवलीय. रस्त्यावर पाचोळा पडला होता. दोन दिवसांत कोणी झाडलं नव्हतं म्हणून. एक चिटपाखरू नाही. कोंबड्याची बांग नाही, मिक्सरचा आवाज नाही, टीव्ही नाही. समुद्राची गाज इतक्या आत ऐकू येते हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं.

मी दगडाशी थांबलो. किती वेळ, माहीत नाही. मागून काकी आली. माझ्या मागोमाग उतरली असणार, धापा टाकत होती. नऊ वर्षं जिने माझ्याकडे पाहून मान फिरवली ती बाई म्हणाली, "जाव नको रे झिला."

मी म्हटलं, "काकी, तिथे कोणी नाहीये."

"आसत का नसत, माका काय ठावक? पन तीन दिवस तेंचे. तेंच्या वाट्यात कित्याक जातंस?"

माझ्या तोंडावर आलं होतं की विहिरीच्या वाटेला कवाड लावणाऱ्या माणसांनी हे बोलावं? गिळलं. तिलाही ते आठवलं असावं, कारण तिने पदराने तोंड पुसलं आणि दुसरीकडे बघायला लागली. आम्ही दोघं परत चढलो. वर आलो तर चुलतभाऊ बाइकला किक मारत होता. आईने त्याला जुनी रिकामी पट्टी दिली होती, नाव वाचायला. तो कणकवलीला गेला. जाऊन-येऊन साठ-सत्तर किलोमीटर, वीस मिनिटांवरच्या गोळ्यांसाठी. अंधार पडल्यावर आला. आजीला गोळी दिली. सोबत तो तिच्यासाठी खटखटे लाडू घेऊन आला होता, जे तिला चावता येत नाहीत. तिने एक तोंडात धरून ठेवला, झोप लागेपर्यंत.

माझ्या मुंबईच्या मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, हाच अंधश्रद्धेचा धोका, आजीला काही झालं असतं तर? त्याचं बरोबर आहे. बाइक नसती, रस्ता नसता, तर मी दगड ओलांडला असता आणि ओलांडायलाच हवा होता. पण त्या दुपारी मला भुतांनी अडवलं नाही, हेही तितकंच खरं. मला अडवलं ते इतक्या पिढ्या कोणीच न मोडलेल्या एका कराराने, ज्याला कागद नाही, शिक्का नाही, साक्षीदार नाही. आमच्याकडे तर दोन भावांच्या वाटणीचा कागद रजिस्टर केलेला आहे, तो दर पावसाळ्यात बांधावर मोडतो.

चौथ्या दिवशी सकाळपासून सगळे देवळाच्या निरोपाकडे डोळे लावून. पुन्हा कौल लावतात. देवाने परतायला होकार दिला नाही तर मुक्काम लांबतो. कुणी सामान बांधत नव्हतं, बांधलं तर देवाला घाई दिसेल म्हणून. आम्ही पेज खाल्ली. पातळ अजून मधे टांगलेलं होतं, पण चूल दुसऱ्या दिवसापासून एकच झाली होती. का, तर काकीची काड्यापेटी दवाने ओली झाली, असं कारण सांगण्यात आलं. कौल झाल्याचा निरोप आला तेव्हा पोरांनी आरडाओरडा केला आणि कुत्री सगळ्यात आधी पळाली. त्यांना कोणी कौल सांगायला लागत नाही.

परतीचं सामान नेहमी जास्त असतं, कसं ते कळत नाही. कोंबड्या मोजल्या तर आमच्याकडे एक जास्त आणि काकांकडे एक कमी. आई म्हणाली, घरी गेल्यावर बघू. काका, जे चार दिवस विडी ओढत कातळावर पाठमोरे बसले होते, म्हणाले, "ऱ्हवांदे थंय." एवढंच. मग उठून त्यांनी खुर्चीचा पट्टा आवळला आणि आजीची पलीकडची बाजू स्वतः धरली.

अंगणात पाऊल टाकलं तर सडा वाळून धूळ झाली होती, तुळशीवर कोळ्याने जाळं विणलं होतं. एवढ्यातच. मी खिशातून किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि कडी सरकवणार तोच आजी म्हणाली, "ए, थांब. कडी वाजय पयली."

"कशाला? आपलंच घर आहे."

"तेंका कळाक नको? उगाच कोन आंघोळ-बिंघोळ करीत असात."

मी कडी वाजवली. तीनदा. शेजारच्या दरवाजाशी काका हातात कुलूप घेऊन उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं, आणि आपली कडी वाजवली. मग आम्ही दोघंही एकाच घराच्या दोन दारांशी गप्प उभे राहिलो, आतल्यांना निघायला वेळ देत.